कमी आवाजाचे प्रॉप्स: खरंच फरक पडतो, की पाकिटावरचीच जादू?

निळी_घार

मंडळी, ड्रोन डीजेआयचा एअर २एस, प्रॉप्स (प्रोपेलर, म्हणजे ड्रोनची फिरती पाती) मूळचेच ७२३८. काम मुख्यतः पहाटेचं, पाणथळ जागांवरच्या पक्ष्यांचं चित्रण. बाहेरच्या उत्पादकांचे 'लो नॉइज' प्रॉप्स बघतोय. काहींची टोकं मागे वाकवलेली आहेत, काहींच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते आहेत. पाकिटावर लिहिलंय 'आवाज ६०% कमी, उड्डाणवेळ जास्त'.

प्रश्न तीन. आवाज खरोखर किती उतरतो? बॅटरीवर आणि वाऱ्यातल्या स्थिरतेवर काय परिणाम होतो? आणि घेतलेच तर पहिल्या उड्डाणाआधी काय काय तपासायचं?

पिच_आणि_पातं

आधी त्या ६०% चा उलगडा करू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे.

डेसिबल लॉगॅरिदमिक मोजमाप आहे. ४ डेसिबल कमी झाले की ध्वनीची शक्ती ४०% वर येते, म्हणजे कागदावर '६०% घट'. हिशोब खरा आहे, पण कान शक्ती मोजत नाही. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. ४ डेसिबलला तो जेमतेम पाव हिस्सा कमी वाटतो. फरक कळतो, पण ड्रोन गप्प बसला असं कोणी म्हणणार नाही.

हाच आकडा डीजेआयने २०१७ मध्ये मॅव्हिक प्रो प्लॅटिनमच्या वेळी दिला होता. त्यात ८३३० च्या जागी ८३३१ पाती आली आणि उड्डाणवेळ २७ वरून ३० मिनिटांवर गेला. मात्र तिथे नुसती पाती बदलली नव्हती, ईएससीसुद्धा (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) साइन-वेव्ह पद्धतीचे झाले होते. २०१८ च्या फँटम ४ प्रो व्ही २.० मध्येही तेच, ९४५५एस पाती आणि नवे ईएससी अशी जोडी. पाकिटं मात्र सगळं श्रेय पात्याला देऊन मोकळी होतात.

आता कारण. आकड्यावरून पातं ओळखता येतं: ७२३८ म्हणजे व्यास ७.२ इंच, पिच (एका फेऱ्यात पातं हिशोबाने जेवढं पुढे सरकेल ते अंतर) ३.८ इंच. घेर झाला साधारण ५७.५ सें.मी. समजा हॉव्हरला (हवेत जागेवर स्थिर असताना) मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. टोकाचा वेग सेकंदाला जवळपास ५२ मीटर, ताशी १८५ कि.मी.च्या पुढे. पात्याचा आवाज या वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताने वाढतो. म्हणून टोकाचा वेग १०% उतरवला तर सव्वादोन ते पावणेतीन डेसिबल मिळतात. हीच खरी किल्ली. वाकवलेलं टोक, दाते वगैरे त्याच्या वरची फोडणी.

पण वेग फुकट उतरत नाही. उचल फेऱ्यांच्या वर्गाने बदलते. व्यास तोच ठेवून फेरे १०% कमी केले तर उचल ८१% वर येते. तेवढंच वजन हवेत ठेवायचं तर पात्याला सुमारे २३% जास्त काम करावं लागतं, म्हणजे रुंदी वाढवा, पिच वाढवा किंवा दोन्ही. रुंद पातं जड होतं आणि हवेत जास्त घासतं. पिच वाढवलं तर मोटरला टॉर्क जास्त लागतो. व्यास वाढवणं सगळ्यात चांगलं, आदर्श हिशोबात ५% व्यास वाढला की हॉव्हरची शक्ती ५% घटते. पण घडी होणाऱ्या ड्रोनमध्ये कारखान्याने ती जागा आधीच संपवलेली असते.

म्हणून एकाच पाकिटावर 'आवाज बराच कमी' आणि 'उड्डाणवेळ बराच जास्त' असं दोन्ही दिसलं की त्यातलं निदान एक फुगवलेलं आहे असं धरून चाला.

माझं मत: एअर २एससाठी घेऊ नका. ७२३८ चं टोक मुळातच कमी आवाजासाठी घडवलेलं आहे. बाहेरचा चांगला संच १ ते २ डेसिबल देईल. जुन्या मॅव्हिक प्रोवर अजून ८३३० असतील तर उत्तर वेगळं, तिथे ८३३१ डोळे मिटून घ्या. ती उत्पादकाचीच आहेत आणि त्या ड्रोनवर चालतात.

रानभुंगा

वरच्या हिशोबाशी वाद नाही, पण नुसत्या डेसिबलवर निकाल देणं मला पटत नाही. आवाज किती याइतकंच तो कसा, हेही महत्त्वाचं.

ड्रोनचा आवाज दोन थरांचा असतो. एक सूर: सेकंदाला ९० फेरे गुणिले २ पाती म्हणजे १८० हर्ट्झ, आणि त्याच्या पटीतले ३६०, ५४०, ७२० असे वर चढत जाणारे. दुसरी फस्स, म्हणजे पात्याच्या मागच्या कडेवर आणि टोकाच्या भोवऱ्यात तयार होणारा पसरट आवाज. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झला सगळ्यात तिखट. त्या पट्ट्यात ३ डेसिबल गेले तर मीटरवरचा एकूण आकडा फारसा हलत नाही, पण डोक्यात जाणारी किणकिण कमी होते. मागच्या कडेचे दाते नेमके त्या फस्सवर काम करतात. मूळ सुरावर त्यांचा काही उपयोग नाही.

आणखी एक. चारही मोटर एका वेगाने फिरत नाहीत. १८० आणि १८३ हर्ट्झचे सूर एकत्र आले की सेकंदाला तीनदा आवाज चढतो-उतरतो. लोकांना वैताग येतो तो या घुमण्याचा, आणि ते कुठल्याही पात्याने जात नाही.

पिच_आणि_पातं

@रानभुंगा मान्य. फक्त इतकं जोडतो की दाते नीट घडवलेले असतील तरच. साच्यातून काढल्यावर कडेला प्लास्टिकची पुसट झालर राहिलेले स्वस्त प्रॉप्स उलट शिट्टी मारतात.

निळी_घार

म्हणजे नवीन पाती न घेता काही करता येतं का? पक्षी उडून जाऊ नयेत एवढाच हेतू आहे.

रानभुंगा

येतं, आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे.

अंतर. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. ३० मीटरऐवजी ४२ मीटरवर उभे राहिलात तर ३ डेसिबल पदरात, म्हणजे बहुतेक महागड्या संचांपेक्षा जास्त. एअर २एसवर ५.४के मध्ये चित्रण करून नंतर १०८० मध्ये कापलं तर जवळ न जाताही चौकट भरते.

पाती जुनी असतील तर आधी मूळचाच नवा संच लावा. पुढच्या कडेला नखाला जाणवेल एवढी खाच असेल तर तिथे हवेचा प्रवाह फाटतो आणि बारीक सिसकारी सुरू होते. गवतात दोन-चारदा उतरवलेल्या पात्यांना अशा खाचा असतातच. 'नवे लो नॉइज प्रॉप्स लावल्यावर जमीन-अस्मानाचा फरक' असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर नव्या पात्याची जुन्याशी तुलना करत असतात.

प्रॉप गार्ड, वरचा दिवा, उंच पाय हे काढा. गार्डची कडी पात्याच्या टोकाजवळ असते, तिथून जाताना प्रत्येक फेरीला हवेचा दणका बसतो. शिवाय वजन वाढलं की फेरे वाढतात.

उतरताना सरळ खाली येऊ नका. ड्रोन स्वतःच ढकललेल्या हवेत शिरतो, पाती डळमळीत हवा कापतात आणि आवाज खरबरीत होतो. पुढे सरकत तिरकं उतरा. पक्ष्यांच्या बाबतीत याचा दुहेरी फायदा आहे, कारण डोक्यावरून सरळ खाली येणारी वस्तू त्यांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते. उड्डाण लांबून करा, लागणारी उंची तिथेच गाठा आणि मग आडवे, सावकाश या. सिने मोड ठेवा. त्यात थ्रॉटलचे झटके बसत नाहीत आणि पक्षी स्थिर आवाजापेक्षा अचानक बदलणाऱ्या आवाजाला जास्त बिचकतात.

सहावी_मोटर

तरीही घेणार असाल तर मोजून ठरवा. कानावर विसंबू नका, नवीन वस्तूचे पैसे मोजले की कान पक्षपाती होतो.

फोनचं ध्वनिमापक ॲप चालेल. निरपेक्ष आकडा चुकेल, पण तोच फोन, तीच जागा, तेच सेटिंग असेल तर दोन संचांतला फरक बऱ्यापैकी बरोबर येतो. ए-वेटिंग (कानाच्या संवेदनेनुसार मोजणी) आणि 'स्लो' (आकडा सावकाश बदलणारं) निवडा. वारा नसलेली वेळ, गवताळ मोकळी जागा. काँक्रीट आणि भिंती आवाज परतवतात. फोन तिपाईवर १.५ मीटर उंचीवर, ड्रोन ३ मीटर लांब आणि तेवढ्याच उंचीवर हॉव्हरला. फोन ड्रोनच्या खाली ठेवू नका, हवेच्या झोताने माइक फडफडतो आणि आकडा वाटेल तसा चढतो.

ड्रोन बंद असताना भोवतालचा आवाज आधी मोजा. तो ड्रोनपेक्षा निदान १० डेसिबलने खाली हवा, नाहीतर फरक झाकला जातो. मग प्रत्येक संचाचं ३० सेकंदांचं वाचन तीन वेळा, आणि मूळ-नवे-मूळ या क्रमाने. शेवटचं 'मूळ' पहिल्याशी एक डेसिबलच्या आत जुळलं नाही तर मधल्या काळात वारा किंवा भोवताल बदललाय, सगळं पुन्हा करा. शक्य असेल तर दुसरा फोन जमिनीवर, पण ६-७ मीटर बाजूला ठेवून ड्रोन १० मीटर वर न्या. बाजूने आणि खालून आवाजाचा पोत वेगळा असतो, आणि तुमचे पक्षी तर खालीच असणार.

बॅटरीचीही चाचणी याच जोडीला होते. एकच बॅटरी, दोन्ही वेळा पूर्ण चार्ज करून थंड झालेली. हॉव्हरमध्ये ९०% वरून ७०% यायला किती सेकंद लागले ते लिहा. ५% च्या आतला फरक हा मोजणीतलाच चढ-उतार समजा. ८-१०% कमी आले तर ते पातं आवाजाची किंमत बॅटरीतून वसूल करतंय.

आर्मखालचा_गुंता

पहिल्या उड्डाणाआधी काय तपासायचं ते राहिलंय, ते सांगतो.

पाकीट उघडलं की प्रत्येक पातं उजेडासमोर धरा. मुळाशी, जिथे पातं हबला मिळतं, पांढुरकी रेघ किंवा बुडबुडा दिसला तर तो संच परत. तिथे ताण सगळ्यात जास्त असतो. १ ग्रॅम वस्तुमान अक्षापासून ५ सें.मी.वर असेल आणि सेकंदाला ९० फेरे असतील तर ओढ जवळपास १६ न्यूटन येते, म्हणजे दीड किलोहून जास्त वजन लटकवल्यासारखी. पातं तुटलं तर चार मोटरचा ड्रोन सावरत नाही.

मग ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाती एकेक करून तोला. घडीच्या प्रॉपमध्ये समोरासमोरची जोडी ०.०२ ग्रॅमच्या आत जुळली पाहिजे. फरक असेल तर जोड्या बदलून पाहा, चार हब आणि आठ पाती असल्याने बऱ्याचदा जमून जातं. फक्त उजव्या फिरकीचं पातं डाव्या फिरकीच्या हबवर जाऊ देऊ नका.

अखंड प्रॉप असेल तर चुंबकी बॅलन्सरवर आडवा धरा. जे पातं खाली जातं ते जड. हलक्या पात्याच्या वरच्या बाजूला, मध्याच्या जरा पुढे, पारदर्शक चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. पुढच्या कडेवरून पट्टी कधीच वळवू नका, तिथे ती सुटते आणि सुटली की आवाज दुप्पट. कायमचं करायचं तर जड पात्याची खालची बाजू ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा, कडा आणि टोक सोडून. आडवं जमलं तरी प्रॉप उभा धरल्यावर एका बाजूला वळत असेल तर दोष हबमध्ये आहे. नवख्याने तिथे हात घालू नये.

बॅलन्सचा संबंध आवाजापेक्षा चित्राशी जास्त. असमतोल असेल तर चित्रात जेलीसारखी लाट दिसते, शटर १/१००० च्या पुढे नेलं की जास्तच.

लावताना: चारही एकदम बदला. दोन मूळ आणि दोन नवे असं ठेवलं तर फ्लाइट कंट्रोलर एका बाजूच्या मोटर सतत जास्त फिरवत राहतो. खुणेचं पातं खुणेच्या मोटरवर, बिनखुणेचं बिनखुणेच्या. चुकलं तर उड्डाण घेतानाच ड्रोन उलटतो. दाबून फिरवल्यावर हलकं वर ओढून पाहा, कुलूप बसलंय ना. घडीचं पातं स्वतःच्या वजनाने अलगद फिरावं, लटलटू नये. घट्ट असेल तर ते फिरताना पूर्ण सरळ उघडत नाही आणि थरथर येते.

आर्म आणि पातं यांच्यामधली मोकळी जागाही बघा. पातं आर्मवरून जाताना हवा दाबली जाते आणि 'धप्प' असा ठोका निर्माण होतो, सेकंदाला १८० वेळा. हब बुटका असल्यामुळे पातं मूळपेक्षा २-३ मि.मी. खाली बसत असेल तर रुंदीतून कमावलेली शांतता तिथेच जाते.

पहिलं उड्डाण १.५ मीटरवर दोन मिनिटं, माणसांपासून लांब. उतरवून लगेच चारही मोटरना बोट लावा. पाच सेकंद बोट ठेववत नसेल तर मोटर फार तापलीय. चारपैकी एकच तापली असेल तर तिथलं पातं किंवा बेअरिंग संशयास्पद. मग पुन्हा वर, हळू पुढे-मागे, नंतर जागेवर गोल. इथपर्यंत ॲपमध्ये मोटरचा इशारा आला नाही आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा) शांत राहिलं तरच पुढे जा.

पिच_आणि_पातं

वाऱ्याचा प्रश्न राहिलाच होता. जास्त पिचचं पातं कमी फेऱ्यांत उचल देतं, पण झोत आला की अचानक जास्त उचल मागितली जाते. तेव्हा ईएससीवर प्रवाह वाढतो. पातं जड असेल तर फेरे वाढायलाही वेळ लागतो, आणि ड्रोन झोतात डुलल्यासारखा दिसतो. उलट बाजूने, पातं मऊ असेल तर जोरात फिरताना ते वर वाकतं आणि पीळ सैलावतो. मोटर कमाल फेऱ्यांना टेकते, तरी उचल अपुरी. दोन्हींत स्पोर्ट मोडचा कमाल वेग घटतो. घरी परतण्याचा रस्ता वाऱ्याच्या विरुद्ध असेल तर हे महागात पडतं. नवीन प्रॉप्सवर पहिली काही उड्डाणं वाऱ्याच्या वरच्या अंगाला करा, म्हणजे परतीला वारा पाठीशी असेल. परतीचं अंतर मनाशी धरलेल्यापेक्षा एक तृतीयांश कमी ठेवा.

विरळ हवेत, म्हणजे उंच डोंगरावर, बाहेरचे प्रॉप्स नकोतच. पुस्तिकेतली उंचीची मर्यादा मूळ पात्यांवर मोजलेली असते.

पाच_इंची

स्वतः जोडलेल्या एफपीव्ही (गॉगलमध्ये कॅमेऱ्याचं दृश्य बघत उडवायच्या) ड्रोनला हे सगळं उलटं लागू होतं. तिथे पातं बदलणं हीच सगळ्यात स्वस्त सुधारणा.

पाच इंची, तीन पात्यांचा, जास्त पिचचा प्रॉप हा सगळ्यात कर्कश. त्याच फ्रेमवर दोन पात्यांचा, कमी पिचचा लावला तर शांतपणे फिरण्यापुरतं पुष्कळ झालं. खरी शांतता हवी तर सात इंची फ्रेम, १३०० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) आसपासच्या मोटर, ६एस (सहा सेलची) बॅटरी आणि दोन पात्यांचे प्रॉप्स. टोक छाटलेले, 'बुलनोज' म्हणतात ते टाळा. रुंद टोकाने पकड येते, पण आवाजही येतो.

मोटरची चिंचिं वेगळी. ती पात्याची नाही, ईएससीच्या पीडब्ल्यूएमची (मोटरची वीज झपाट्याने चालू-बंद करण्याची). बीएलहेली-एस प्रकारच्या ईएससीवर ब्लूजे हे फर्मवेअर टाकून २४ ऐवजी ४८ किलोहर्ट्झ केलं की हॉव्हर गुळगुळीत होतो. बदल्यात कमी थ्रॉटलला ब्रेक जरा सैल पडतो. द्विदिशा डीशॉट (ईएससीकडून फेऱ्यांची माहिती परत आणणारी पद्धत) सुरू करून बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधला आरपीएम फिल्टर लावा आणि चुंबकांची संख्या मोटरवरूनच मोजून भरा. पाच इंचीच्या बहुतेक मोटरना १४, छोट्यांना बऱ्याचदा १२. जड पाती लावल्यावर पीआयडी सेटिंगमधला डी (डोलणं आवरणारा आकडा) कमी-जास्त करावा लागेल. तो चुकला तर ड्रोन गुरगुरतो आणि लोक पात्याला दोष देतात.

निळी_घार

आणि ते वेटोळ्याचे? टोरॉइडल?

पाच_इंची

एमआयटी लिंकन प्रयोगशाळेचं काम, २०२२ चा आर अँड डी १०० पुरस्कारही त्याला मिळाला. कल्पना खरी आहे. टोक मोकळं न सोडता पातं वळून हबला परत मिळतं, त्यामुळे टोकाचा भोवरा एका जागी एकवटत नाही. पण बाजारात किंवा छापायच्या फाइलींमध्ये जे फिरतं ते त्या आकाराची नक्कल असते. वजन जास्त, त्यामुळे थ्रॉटलला उशिरा प्रतिसाद. बॅटरीही जास्त खातात. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेले तर उडवूच नका. थर थरापासून सुटतो, आणि १६ न्यूटनचा हिशोब वर दिलेलाच आहे.

निळी_घार

कळलं. आधी मूळचा नवा संच, मूळ-नवे-मूळ मोजणी, आणि अंतर ४० मीटरच्या पुढे. जुनी पाती सुटी करून पर्यायी म्हणून ठेवावीत का?

आर्मखालचा_गुंता

खाच पडलेली ठेवू नका, घाईत तीच हाताला लागतात. मधोमध कापून टाका. आणि पुढे कधी डीजेआयच्या मिनी ड्रोनवर काम केलंत तर तिथे पाती स्क्रूने बसतात. नव्या पात्यांसोबत आलेलेच स्क्रू वापरा, जुने परत लावू नका, कारण त्यांच्यावरचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा लेप) एकदा सुटला की संपला. एका मोटरची दोन्ही पाती एकाच वेळी बदला, आणि स्क्रू हाताने टेकल्यावर आणखी जोर लावू नका.